शांत घरासाठी घेतलेल्या मांजरीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, या इमारतीत आणि आसपासच्या चार गल्ल्यांत 'सोफेवाली काकू' म्हणून ओळखली जाणारी, धंदा जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवणे, आज माझ्या बैठकीच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणाल्या की कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मांडीवर मांजरसुद्धा नाही, कारण आमची मांजर माझ्या मांडीवर बसत नाही. त्याचे पुढे येईलच.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात "सगळं दान करून टाकीन आणि मोकळी होईन" असे मी वेळोवेळी म्हटले आहे, ते मृत्युपत्र समजू नये. ते फक्त रागाचे होते.

कलम पहिले: घर

तिसऱ्या मजल्यावरचे माझे राहते घर, म्हणजे बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि मागची कामाची खोली, हे माझा मुलगा (यापुढे 'थोरला') आणि माझी लेक यांना निम्मे निम्मे द्यावे. ठेवा किंवा विका, मी बघायला येणार नाही. फक्त भांडायचे असेल तर जिन्यात भांडू नये, सगळ्या इमारतीला ऐकू जाते.

हे घर दोघांनी मिळून केले. माझे यजमान सुतार होते. ते सांगाडा करायचे, मी मढवायचे. ते गेल्यापासून सांगाडे आयते येतात आणि त्यांतले निम्मे डुगडुगतात. घर रिकामे करताना कामाच्या खोलीतला वर्तमानपत्रांचा गठ्ठा रद्दीत टाकू नये, आधी एकदा चाळावा. पूर्वी सोफ्याच्या पाठीत भरणीला जुनी वर्तमानपत्रे कोंबत. मी शाळा लवकर सोडली, ती पुढची शाळा सोफ्यांच्या पोटातून काढलेल्या कागदांवर केली. त्यामुळे जगाच्या बातम्या मला नेहमी वीसेक वर्षे उशिरा कळल्या. त्याने माझे काही अडले नाही.

कलम दुसरे: बँकेतली शिल्लक

तीही दोघांना निम्मी. मात्र मांजरीचे खाणे आणि तिच्या डॉक्टरांचा खर्च आधी बाजूला काढून मगच वाटणी करावी. यावर दोघेही नाक मुरडतील. मुरडू द्यावे, त्याला खर्च येत नाही.

कलम तिसरे: हत्यारे

मोठी कात्री लेकीला. ती कापड कापणार नाही हे मला ठाऊक आहे, पण तिची जीभ पाहता दोघींचे छान जमेल. दाभण, वाकड्या सुया आणि दोऱ्याची रिळे थोरल्याला. लहानपणी शर्टाची बटणे तोडून आणण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. आता स्वतः लावावीत.

हातोडा मी खालच्या मजल्यावरच्या मीटरवाल्यांना लिहिला होता. मीटरवाले म्हणजे पाणीखात्यातून निवृत्त झालेले, घरोघरी मीटर वाचत आयुष्य काढलेले गृहस्थ. मी वर खिळे ठोकायला लागले की ते खालून छताला काठी लावतात. जिन्यात भेटले की सुरू:

"काकू, आज पुन्हा?"

"पोटाला रोज लागतं, मीटरवाले."

"आणि तुमच्या मांजरीचे केस माझ्या घरात येतात."

"दोन घरांमध्ये अख्खा जिना आहे. केस काय जिना उतरून येतात?"

"वाऱ्याने येतात."

वर्षानुवर्षे एवढेच आमचे बोलणे. म्हटले, हातोडाच त्यांच्या नावे करावा, म्हणजे तो पुन्हा वाजणार नाही अशी त्यांची खात्री तरी पटेल. पण वकीलबाईंनी अडवले. मीटरवाले या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून टाचणीसुद्धा मिळत नाही. साक्षीदार म्हणून त्यांनाच का बोलावले, तर वकीलबाईच म्हणाल्या होत्या, "ज्याला तुमच्याविषयी काडीचं प्रेम नाही असा माणूस आणा, त्याच्यावर उद्या कोणी शंका घेणार नाही." असा माणूस शोधायला मला एकच मजला उतरावे लागले. तेव्हा हातोडा तूर्त कोणालाच नाही.

कलम चौथे: मांजर घरात कशी आली

हे लिहिणे कायद्याने जरूर नाही असे वकीलबाई म्हणतात. मला जरूर वाटते.

यजमान गेल्यावर थोरल्याच्या मनात आले की आईला सोबत हवी. माणूस ठेवला तर त्याचा स्वभाव कसा निघेल सांगता येत नाही, मांजराचा मात्र जातीवरून आधीच कळतो, असे त्याने कुठेसे वाचले. मग महिनाभर आमच्या घरात मांजरांच्या स्वभावाशिवाय विषय नव्हता. रविवारी थोरला समोर बसायचा आणि लेक फोनवर.

"सयामी नको," लेक म्हणाली. "ती दिवसभर बडबडते."

"मग घेऊच," थोरला म्हणाला. "आईला तुझी आठवण येणार नाही."

"मेन कून?"

"ती कुत्र्याएवढी होते. आई तिला उचलणार की ती आईला?"

"बंगाल बघ ना, काय रुबाबदार दिसते!"

"तिला खेळायला सारखं माणूस लागतं."

"मलाही लागतं," मी म्हटले. त्यावर दोघेही पुढच्या जातीकडे वळले.

माझे मत पर्शियनला होते. माझा हिशेब सरळ होता. इतकी वर्षे मांजरांनी ओरबाडलेले सोफे माझ्याकडे आले, पण पर्शियनच्या घरातला एकही आला नाही. म्हणजे ती नखे मारत नसणार. हे मी दुकानात ठणकावून सांगितले तेव्हा तिथला विक्रेता हसला. "काकू, पर्शियनवाले सोफा दुरुस्त करत नाहीत. नवीन घेतात." तेव्हापासून मी मत देणे बंद केले.

विक्रेता मात्र भला माणूस. म्हणाला, "आधी मांजर बघूच नका. आधी घर सांगा." आणि एकेक विचारत गेला. मला नाही, थोरल्याला.

"लहान मुलं?"

"नाहीत."

"कुत्रा?"

"नाही."

"आवाज, आदळआपट?"

"छे हो! आई एकटीच असते. अगदी शांत घर."

मी मान डोलावली. मलाही ते खरेच वाटले.

शांत घर म्हणून त्याने रॅगडॉल काढून दिली. दुधी अंग, काळसर कान, निळे डोळे. या जातीला उचलले की ती चिंधीच्या बाहुलीसारखी अंग सोडून देते, असे तो म्हणाला. सोबत वंशावळीचा कागद. त्यात तिच्या पणजीची पणजी नोंदलेली आहे. माझ्या आजोबांच्या मागे कोण होते ते आमच्या घरात कोणाला सांगता येत नाही, आणि मांजर खानदानी.

घरी आणून थोरल्याने तिला उचलले. तिने अंग सोडले नाही. आमच्या जुन्या सोफ्यातली स्प्रिंग सुटावी तशी ती सुटली. थोरल्याच्या मनगटावर चार रेघा आणि मांजर कपाटाखाली. पुढे तेच तिचे घर झाले. मी जवळ गेले की फिस्स. ताटली सरकवून मी मागे व्हायचे. दुपारी तर ती दिसायचीच नाही. मी धरून चालले की माळ्यावर झोपत असेल.

थोरल्याने दुकानात फोन करून चांगले फैलावर घेतले. विक्रेता म्हणाला, "साहेब, वंशावळ पक्की आहे. घर बदलून बघा." यावर आम्ही सगळे पोट धरून हसलो. मांजरासाठी घर बदलायचे म्हणे!

कलम पाचवे: माझ्यामागे मांजर

डॉक्टरांनी माझ्या छातीची तपासणी करून जे सांगितले ते सांगितले. मांजर अजून तरुण आहे. ती माझ्यामागे बरीच वर्षे राहणार, म्हणून मी दोन्ही मुलांना विचारून घेतले.

थोरला म्हणाला, "आई, तिचा स्वभाव आमच्या घराला बसणार नाही." लेक म्हणाली, "अगं, आमच्याकडे मासे आहेत." मासे मागच्या महिन्यापर्यंत नव्हते.

मला राग नाही. थोरला जातीने पर्शियन आहे. दिसायला भारदस्त, पण रोज कोणीतरी विंचरायला लागते. लेक सयामी. दुसऱ्या खोलीतूनही तिला सगळे ऐकू येते आणि त्यावर तिचे मत असते. दोघेही मीच वाढवलेले, तेव्हा दुकानदाराला दोष देता येत नाही.

सबब मांजर प्राण्यांच्या आश्रमात द्यावी. पिंजरा खिडकीजवळचा मागावा. सोबत चिठ्ठी द्यावी: 'स्वभावाने तापट आहे, सांभाळून उचलावे.'

हे कलम लिहून झाल्यावर मी बराच वेळ पुढे लिहिले नाही. शाई नवी घालायची होती असे समजावे.

कलम पाचवे, दुरुस्त केलेले

वरील मजकूर काल लिहिला. पुढचा आज, सह्यांच्या वेळचा.

सकाळी वकीलबाई आल्या, कोपऱ्यावरचे औषधवाले आले आणि सहीसाठी पेन काढून बसले. स्वयंपाकघरात प्लंबर गळका नळ उघडून बसला होता. मग मीटरवाले आले, इस्त्रीची पँट घालून. खुर्चीत बसले, खिशातून हातभर रुमाल काढला आणि मांडीवर पसरला. आपण काय करतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. हात आपोआप चालले.

कपाटाखालून मांजर बाहेर आली. भरल्या खोलीतून, सगळ्यांसमोर, सरळ चालत गेली आणि त्यांच्या मांडीवर चढली.

"या, इन्स्पेक्टर," मीटरवाले कागदावरची नजर न काढता म्हणाले. "जरा डावीकडे सरका. हां."

आणि त्यांनी एका हाताने तिला उचलून नीट ठेवले, तेव्हा तिने अंग सोडले. चारही पाय लोंबत होते. दुकानदाराने सांगितले होते अगदी तसे.

"मीटरवाले," मी म्हटले, "हे काय?"

"काय कुठे काय?" मग त्यांनी खाली पाहिले आणि त्यांचे कान लाल झाले.

"इन्स्पेक्टर कोण?"

"आमच्या खात्यात होते एक. असेच प्रत्येक नळाला नाक लावून बघायचे."

"ती तुमच्याकडे कधीपासून येते?"

"येत नाही. माझी खिडकी उघडी असते आणि ती आत असते. येणं वेगळं."

"आणि केस वाऱ्याने येतात."

"काही वाऱ्यानेही येतात."

औषधवाले खोकल्यासारखे करून हसले. वकीलबाईंनी चष्मा सारखा केला आणि पाचवे कलम मोठ्याने वाचले. आश्रम, पिंजरा, तापट. मीटरवाल्यांनी उघडलेले पेन तसेच हातात राहिले.

"यात चूक आहे," ते म्हणाले.

"कोणती?"

"ती तापट नाही. अहो काकू, तुम्ही पहिला खिळा ठोकला की ती मागच्या जिन्याने माझ्या खिडकीत हजर. शेवटचा ठोकलात की वर परत. तिला आवाज सोसत नाही, एवढंच आहे. मलाही सोसत नाही. आम्ही दोघं दार लावून बसतो." मग मांडीवरचा रुमाल सारखा करत, "स्वभाव चांगला आहे तिचा. घर गडबडीचं पडलं."

मला शांत घराची आठवण झाली. थोरला खोटे बोलला नव्हता. तो रविवारी येतो, आणि रविवारी मी हातोडा बाजूला ठेवते, त्याच्याशी बोलता यावे म्हणून. माझे घर त्याने कधी वाजताना ऐकलेच नाही. आणि मी त्यात एवढी मुरले की मला आवाज ऐकूच येत नाही. मांजरीच्या सात पिढ्या तपासल्या, घरात एक दुपार कोणी बसून पाहिले नाही.

मी म्हटले, "वकीलबाई, खोडा ते. मांजर मीटरवाल्यांना."

"देता येणार नाही. ते साक्षीदार आहेत."

"अजून सही कुठे केली आहे?"

"मग त्यांनी ठरवावं. सही किंवा मांजर."

मीटरवाल्यांनी आजवर कोणत्याही कागदावर सही करायची संधी सोडलेली नाही, हे सगळी इमारत जाणते. त्यांनी कागदाकडे पाहिले. मग मांडीकडे. मांजर झोपली होती.

"सहीला उठावं लागेल?"

"टेबलापर्यंत यावं लागेल," वकीलबाई म्हणाल्या.

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावले.

म्हणून मी लिहून देते की मांजर, तिची ताटली आणि वंशावळीचा कागद मीटरवाल्यांना द्यावा. हातोडाही त्यांनाच, आता हरकत नाही. दुसऱ्या कलमात बाजूला काढलेली रक्कमही त्यांच्याकडे द्यावी. ते नको म्हणतील. दोनदा म्हणू द्यावे, मग द्यावी. तोवर मी दुपारी फक्त शिवणकाम करीन आणि खिळे सकाळी ठोकीन. ही शर्त मी स्वतःवर घालून घेत आहे.

हे सर्व मी वाचले, मला वाचून दाखवले, आणि ते माझ्या मनासारखे आहे. याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

सही: सोफेवाली काकू

साक्षीदार पहिले: औषधवाले. सही केली.

साक्षीदार दुसरे: मीटरवाले. हे नाव खोडले आहे. खोडायला कागद त्यांच्या खुर्चीपर्यंत नेण्यात आला.

त्यांच्या जागी साक्षीदार दुसरे: प्लंबर. त्यांनी विचारले, "कशावर सही?" सांगितल्यावर म्हणाले, "मांजर तर खालचीच आहे ना?" सहीवर ओल्या बोटांचा डाग आहे, तो ग्राह्य धरावा.

स्थळ: माझी बैठकीची खोली.
दिनांक: आजचा, गुरुवार, सकाळ.

ता. क. हे कलम माझ्या मृत्यूनंतरच लागू होते, असे वकीलबाईंनी बजावले आहे. मांजरीला कोणी बजावले नाही. सह्या होताच मीटरवाले तिला रुमालासकट उचलून खाली घेऊन गेले, आणि मी दार लावताना आवाज होऊ दिला नाही.