गाडीला आवाज नाही

चिखली,
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

चि. सुजित यास दाजीचे अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर दहावीच्या पेपरानंतर मी कागदावर एवढं कधी लिहिलेलं नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतोस आणि मग अख्खं घर ऐकत बसतं. आज गुरुवार, एमआयडीसीची लाइट बंद, कंपन्यांना सुट्टी, गाडी दारात उभी. तुमच्या गावचे उद्धवराव उद्या जिंतूरला निघालेत, त्यांच्या हाती देतो. मामींचा गुडघा कसा आहे? तेल लावायला सांग. इकडे मी मजेत.

तर इलेक्ट्रिक पिकअप घ्यावी का, हा तुझा प्रश्न. आधी चांगलं सांगतो. क्लच नाही, गिअर नाही. चाकणला तळेगाव चौकात अडकलो की डिझेल टेम्पोत माझ्या डाव्या पायाचा पार भुगा व्हायचा. आता पाय नुसता टेकवून बसतो, मांडी घालायचीच काय ती बाकी. डिझेलची कटकट गेली. कपड्यांना वास येत नाही. पूर्वी तुझी ताई नाक मुरडत माझे कपडे वेगळे धुवायची. आता मीच धुतो, सगळे एकत्र.

वाईटही ऐक. घरमालक जिन्यातून वायर ओढू देत नाही, म्हणतो आग लागेल. म्हणून चार्जिंगला तळवड्याला जायचं, तिथं रांग. माल जास्त भरला की चार्जिंग डोळ्यादेखत उतरतं. एकदा कास्टिंगचं जड लोखंड भरून निघालो आणि मोशीच्या अलीकडेच गाडीनं मान टाकली. ट्रकवाल्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला बघ. आपला भिवा फिटर तर हातच लावत नाही. म्हणतो, "भाऊ, हिला पाना चालत नाही, लॅपटॉप लागतो." आणि चार्जिंग होईस्तोवर दोन दोन तास नुसतं बसायचं. सुरुवातीला मोबाइल बघायचो. मग त्याचाही कंटाळा आला. शेजारची सीट रिकामी असते, तिच्यावर डबा ठेवतो. डबा मेसचा.

पण खरं वाईट वेगळंच आहे. गाडीला आवाज नाही.

आता तू म्हणशील, ह्यात वाईट काय? अरे, डिझेलचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला की सगळ्यांना कळायचं, नवनाथ आला. मी दारात पोचेपर्यंत तुझी ताई तवा ठेवून हसत उभी असायची. लग्न झाल्यापासून मी तेच बघत आलो. मला वाटायचं, काय नशीब आहे राव आपलं, बायको सदा हसतमुख.

दसऱ्याला ही गाडी आणली. त्यानंतर एका संध्याकाळी घरी आलो तर दार नुसतं लोटलेलं. ती ओट्याला टेकून रडत होती. हुंदके नाहीत, काही नाही. रोजचं एखादं काम उरकावं तशी रडत होती. मला बघून दचकली, पदर तोंडावरून फिरवला आणि हसायला गेली, पण ते काही जमलं नाही. मी विचारलं, कुणी काही बोललं का? माहेरून फोन आला का? तर म्हणाली, "काही नाही हो. दिवसभर कुणाशी बोलणं नसतं, संध्याकाळी भरून येतं. थोडं रडलं की मोकळं वाटतं. तुमचा टेम्पो वाजला की मी तोंड धुऊन घेते. आज वाजलाच नाही."

 मी म्हणालो, जरा माहेरी जाऊन ये, बरं वाटेल. दिवाळीला ती तिकडं आली ती आलीच. ती फोनवर विचारायची, "येऊ का?" आणि मी म्हणायचो, "राहा की आरामात." आता ती विचारतही नाही. तिला वाटलं असेल, ह्याला रडकी बायको नको. तसं नाही रे. मी घाबरलो होतो. तिला घेऊन आलो तर रोज तिच्याशी बोलायचं काय, हेच मला कळत नव्हतं.

आता ती खोली माझ्या वाट्याला आली आहे. शेजारीपाजारी सगळे शिफ्टवाले. माझं दार उघडतं तेव्हा त्यांची बंद. परवा भाजी चिरता चिरता मलाच भरून आलं. कांदा म्हणशील तर कांदा नव्हता, दोडका होता. फार एकटं वाटतं, सुजित. आणि एक येडेपणा सांगतो, हसू नको. गल्लीच्या तोंडाशी आलो की मी हॉर्न वाजवतो. रोज वाजवतो. खोलीला कुलूप असतं, तरी वाजवतो.

तुझ्यापुरतं विचारशील तर जिंतूर-परभणी फेऱ्यांना गाडी चांगली आहे, घे. रात्री अंगणात चार्जिंगला लाव, तुझं घर स्वतःचं आहे. लांबच्या भाड्याला मात्र हिच्या नादी लागू नको. मलाच तुमच्यापर्यंत यायचं तर नगरला थांबायचं, संभाजीनगरला थांबायचं, जालन्याला थांबायचं.

तरी मी येतोय. शनिवारी रिकामी गाडी घेऊन निघतो. एसटीनं या म्हणशील, रातोरात पोचेन. पण मला परतीचे ते थांबे पाहिजेत. प्रत्येक ठिकाणी दोन दोन तास, आणि आम्ही दोघं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सलग दोन तास आम्ही कधी बोललेलो नाही, गड्या. आणि ह्या गाडीत ती एकदाही बसलेली नाही.

हे पत्र वाचून झालं की तिला दे. यायचं नसेल तर तसं तिनं तोंडावर सांगावं. मामींना भेटेन आणि रिकामाच परत जाईन. वाईट वाटेल, पण रागावणार नाही. फक्त तिला एवढं सांग, तुमच्या वेशीपाशी आलो की मी हॉर्न वाजवणार नाही. रडत असली तर तोंड धुवायला उठू नको म्हणावं.

तुझा दाजी, आणि तिनं अजून म्हटलं तर तिचा,
नवनाथ