बाचं दुसरं पॅकिंग

१४ जुलै २००२
गाडी आज पुन्हा चढावर बसली. म्हणायला इंजिनाची सायकल, पण चढावर ना इंजिन ना सायकल. मागे आई, आमची याडी. निम्म्यात, मोहाच्या झाडाखालच्या दगडापाशी आवाज खोल गेला आणि बंद. याडी उतरली, चार पावलं चालली, गुडघा धरून दगडावर बसली. म्हणाली, "फिरव. मामाला सांग, तुझी बहीण म्हातारी झाली."
तिचं माहेर, वरचा तांडा, तिथून मैलभर. एस्टी वर जात नाही. श्रावणात तीजेच्या सणाला तिला जायचंच आहे. मामाची नात यंदा पहिल्यांदा सणाआधी टोपलीत गहू पेरणार. म्हणजे दीड महिना हातात.
घरात आम्ही गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलतो, इथे मराठीत लिहितो. याडीचा आवाज त्यामुळे जरा बदलतो. असो.

१६ जुलै
पाट बंद, म्हणून मला पाटकऱ्याला काम नाही. पाटाच्या गेटवर बसून पूर्णा नदीकडे बघत राहिलो. डोक्यात गाडी चालूच. एकदा तर वरच्या तांड्यावर पोचलोसुद्धा. याडीची ओढणी उडतेय, मामाने चहा सांगितलाय...
शांता डबा घेऊन आली. "बसल्या जागी कुठं जाऊन राहिले?" बायकोला सगळं कळतं.

२१ जुलै
औंढा. मेकॅनिक बशीरभाईने प्लग काढला आणि त्या भोकावर मला अंगठा ठेवायला लावला. स्वतः पायडल मारलं. अंगठ्याला नुसती झुळूक. "अंगठा उडाला पायजे, भाऊ. आत हवा दाबूनच न्हाई राहिली. काँप्रेशन गेलं." पुढे नुसतं काँ. लिहीन, शब्द लांब आहे.
पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या. काँ. थोडं आलं. चढावर एकटाच गेलो, तरी दगडाच्या पुढे पायडल मारावंच लागलं.

२ ऑगस्ट
ओट्यावर बसून स्वतःच इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडलं. आत फटीतून हवा जाऊ नये म्हणून बसवतात त्या पातळ चकत्या, एकावर एक दोन पॅकिंग! एकच असतं. दुसऱ्याने हेड वर उचललं, म्हणून आत जागा जास्त, दाब कमी.
तसाच औंढ्याला. बशीरभाई म्हणाला, "तुमच्या बानंच टाकाय लावलं. रेशनचं रॉकेल मिसळून चालवायचे, मग टकटक करायची. दाब कमी केला, टकटक बंद. मी म्हनलो, चढाला तकलीफ होईल. हसले नुसते."
बाला जाऊन चार वर्षं झाली. मी रॉकेल केव्हाच सोडलं, पॅकिंग मात्र आत तसंच. बाच्या सदऱ्याला तो वास यायचा. वास आठवत बसलो आणि एक नट हरवला. शांताला पिठाच्या डब्यामागे सापडला. तो तिथे कसा गेला, देव जाणे.

९ ऑगस्ट
दुसरं पॅकिंग काढलं. आता एकावर हेड नीट बसेना, कडेने फुसफुसतं. बशीरभाईचा उपाय: सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवा, त्यावर हेड गोल गोल घासा, चमक सगळीकडं बराबर आली की थांबा.
घरात सपाट काच एकच. बाच्या फोटोची.
याडी शेतात गेल्यावर फोटो उतरवला. बाला म्हटलं, गाडी तुझी, काचही तुझीच. तीन तास घासलं. हात आपोआप फिरत होता, मी कुठेतरी लांब. पेपर केव्हा सरकला कळलंच नाही. काचेवर चरेच चरे.

१० ऑगस्ट
याडीने बिनकाचेचा फोटो पाहिला. मी बोलणी खायला तयार होतो. तिने बाच्या गालावर बोट ठेवलं. "चार वर्सं नुसती काचच पुसून राहिले," म्हणाली.
मग फोटो परत खिळ्याला लावत: "घरात तुझा बा बोलायचा न्हाई. चढावर बोलायचा. गाडी बंद पडली की मी उतरायची, तो ढकलायचा. मग दगडावर बसून तंबाखू. अख्ख्या वर्साचं तिथं बोलायचा."
मला वाटायचं, तिथे तो गाडीला शिव्या घालत असेल. वाईट वाटलं. थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला लिहू. माझ्याशी तर तो कुठल्याच चढावर बोलला नाही.
नवी काच आणतो म्हटलं. याडी नको म्हणाली.

१८ ऑगस्ट
पायडल एकदम जड! अंगठा उडाला! शांताला मागे बसवून चढ घेतला. दगड गेला, मोह गेला, थेट वर. शांता म्हणाली, "याडीपेक्षा मी जड हाय. म्हंजे झालं काम."
येताना दोघं गात आलो, म्हणजे मीच.

३० ऑगस्ट
तीज. याडीने काचा लावलेली जुनी ओढणी काढली. गाडी चढाला लागली, आवाज एकसारखा. मोहाचं झाड दिसलं आणि पाठीवर तिचा हात पडला. "थांब."
मी ऐकलं. वाऱ्यात ऐकू आलं नाही असं केलं.
चढावर थांबलो तर पुन्हा उठेल की नाही, ही भीती होती, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे मला थांबायचंच नव्हतं. दीड महिना मी मनात हाच चढ चढत होतो. वर पोचून वळून बघितलं, तर याडी मान फिरवून खाली बघत होती. मामा हात धरून घेऊन गेला. पोरींचे गहू वीतभर आलेत. याडी त्यांच्यात बसली, हसली सुद्धा. माझ्याकडे बघितलं नाही.

१ सप्टेंबर
परत. उतारावर दगडापाशी आपणहून थांबलो. याडी उतरली नाही. "चल. उतारावर कोन बोलतं?"
घरी आल्यावर हातपाय धुता धुता याडीने विचारलं, "ते दुसरं पॅकिंग फेकलंस?"
"न्हाई. डब्यात हाय."
"बराबर."
एवढंच. दिवाळीला पुन्हा वर जायचं म्हणते. गुडघा तसाच आहे, चढाला चार पावलांवर धरतो. बाने ते रॉकेलसाठीच टाकलं असणार. पण चढाला तकलीफ होईल म्हटल्यावर, बशीरभाई म्हणाला होता, हसले नुसते.
पॅकिंग डब्यातून काढून पुसलं; परत बसवलं तर गाडी दगडापाशीच थांबेल. पाना ओट्यावरच आहे.