तीन खुणांची बाटली

चऱ्होली, मे १९५५

डॉक्टरसाहेबांना शफी पिंजाऱ्याचा सलाम.

माझी आई खैरुन्निसा दिवसाचं औषध एकदम प्यायची, हे ऐकून तुम्ही तिच्या उशाशीच म्हणालात, "तुम्हा लोकांना सांगून कळत नाही." संध्याकाळी ती गेली.

तिला कळलं होतं, साहेब. बाटलीवरच्या कागदी पट्टीची एक खूण म्हणजे एक डोस, अशा तीन खुणा रोज संपवायच्या, असं कंपाउंडरने सांगितलं होतं. पण रमजान चालू होता. आजाऱ्याला रोजा माफ असतो, म्हणून मी किती विनवलं. म्हणायची, "हातपाय चालतात तवर मी आजारी न्हाई." मी कापूस पिंजायला गावोगाव. दिवसभर ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही, आणि रोजा सोडला की तिन्ही खुणा एका दमात. ती तिन्ही एकदम पिते, एवढं बायकोने तुम्हाला सांगितलं, तेव्हाच मलाही कळलं.

केसपेपरवर तिचं नाव तुम्हीच लिहिलंत. रोजे धरता का, एवढं विचारलं असतंत तर? माझं नाही, पण डॉक्टरचं तिने ऐकलं असतं.

हे पत्र टाकणार नाही. माझ्या धाकट्या लेकीला, बिल्किसला, ताप आहे. सकाळी तिला घेऊन तुमच्याकडेच यायचं आहे, आणि तुम्ही म्हणाल त्याला मान हलवायची आहे.

तुमच्या ओट्यावर बसणारा,
शफी