दुसरी सही

१२ मे
नोकरीचा पहिला आठवडा संपला. पाय सुजलेत! परदेशातल्या या थंड खाडीवरचा छोटा दवाखाना, वॉर्डात अकरा खाटा, दिवसपाळीला नर्स आम्ही दोघीच — फिलोमेना आणि मी. त्यात मी अर्धीच. माझा परवाना तात्पुरता, म्हणून औषधाच्या प्रत्येक नोंदीवर माझ्या सहीखाली तिची दुसरी सही लागते. जुलैत परीक्षा. पास झाले तर पूर्ण नर्स. नापास झाले तर परवाना त्याच दिवशी रद्द — बसा घरी.

 सही करताना फिलोमेना चष्म्यावरून नुसती बघते. तीस वर्षं इथे काढलीत म्हणे.

१३ मे
ठरवले होते पन्नास प्रश्न. सोडवले चार. पुस्तकावरच डोळा लागला.

२ जून
आज फजिती! अँब्रोजकाका चहा मागत होते. ऐंशी वर्षांचे कोळी, खुब्याचं हाड मोडून पडलेत. प्रश्नसंच सोडवून सोडवून माझं डोकं इतकं बधिर झालंय की तोंडातून निघून गेलं, "चहा प्यावासा वाटतोय, त्याबद्दल मला आणखी सांगाल का?" परीक्षेत हेच उत्तर बरोबर असतं — पेशंटला बोलतं करा!

"आणखी काय सांगू? दोन चमचे साखर," काका म्हणाले. "आणि दूध डब्यातलं. गप्पा नंतर मार गं पोरी, आधी किटली ठेव!"

पडद्यामागे फिलोमेना हसली. पहिल्यांदाच ऐकलं तिचं हसू. मग माझं पुस्तक मागून घेतलं, चार पानं चाळली. "या पुस्तकात एका नर्सला एकच पेशंट दिसतो. कुठेय गं हा दवाखाना? मी पण अर्ज करते!"

१९ जून
इन्सुलिन भरलं. तिने बघितलं. सही केली नाही. "परत बघ."

परत बघितलं. बरोबरच होतं! मग आधीच सही का नाही केलीत, मी विचारलंच.

"मी नाही म्हटल्यावर तुझा हात थरथरला. बरोबर असलीस तर थरथरायचं नाही. समोर मी असले तरी."

छळ आहे नुसता. हिला मी वॉर्डात नकोच आहे, खात्री पटली. रागारागात घरी येऊन साठ प्रश्न सोडवले. पन्नास बरोबर.

४ जुलै
मी सुट्टी मागितली नव्हती. तरी पाळ्यांच्या यादीत माझे तीन दिवस मोकळे! "अभ्यास कर. वॉर्ड मी बघते." एवढंच बोलली. एकटी अकरा खाटा बघणार! चमत्कारिक बाई.

१० जुलै, सेंट जॉन्स
झाली एकदाची परीक्षा! परीक्षेसाठी शहरात येताना धुक्यात मूस आडवा आला, इथलं ते घोड्यापेक्षा मोठं सांबर. करकचून ब्रेक दाबला. दोघंही वाचलो.

प्रश्न कमीत कमी पंच्याऐंशी, जास्तीत जास्त दीडशे. कॉम्प्युटरची खात्री पटली की तो थांबतो — पास म्हणून किंवा नापास म्हणून, ते सांगत नाही. माझा पंच्याऐंशीलाच थांबला. म्हणजे एक तर झकास, नाही तर पार वाट लागली.

गाडीत बसून रडले. मग तळलेला मासा आणि बटाटे खाल्ले, पोट फुटेस्तोवर.

१२ जुलै
पास!!!

अँब्रोजकाका वॉकरला धरून उभे राहिले आणि अख्ख्या वॉर्डाला ओरडून म्हणाले, "आपली पोरगी पास झाली रे!" हसता हसता रडू आलं मला. छातीवरचा दगड उतरला. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

दुपारची औषधं दिली. नोंदीवर एकच सही. माझी! फिलोमेनाने ते पान बराच वेळ बघितलं, खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "सुटले बाई!" केवढं बरं वाटलं — माझ्यासाठी एवढी काळजी करत होती तर.

पुस्तकं पायाने पलंगाखाली ढकलली. आता झोप.

१५ जुलै
फिलोमेनाने निवृत्तीचा अर्ज दिला. लिहिला होता म्हणे मे महिन्यातच, मी आल्यावर आठवड्याभराने. तारखेची जागा तेवढी कोरी ठेवली होती. "वॉर्ड कोणाच्या हाती द्यायचा ते तेव्हाच ठरवलं होतं. फक्त तू पास व्हायचीच काय ती खोटी होती."

महिनाअखेर ती जाणार. मग अकरा खाटा, आणि मी.