बीट खाऊन मासे लाल होत नाहीत

तीर्थरूप काका,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकत असेल, काकूंचा खोकला गेला असेल आणि तुम्ही दोघं सुखात असाल असं धरून चालतो. कारण आपल्यापैकी कुणीतरी सुखात असावं.

शोभेच्या माशांचं तयार खाद्य बाजारातून गायब झालं, तेव्हा घरच्या घरी कर, रंगही चढेल आणि अंगही भरेल, असं तुम्हीच म्हणाला होतात. (दोष देत नाही. नुसती आठवण.) त्यातच दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या टाकीसाठी लालभडक गोल्डफिश मागितले. माझे मासे सोललेल्या बटाट्याच्या रंगाचे. गाजर उकडून घातलं. त्यांनी तोंड लावलं नाही, पाण्याचं मात्र सूप झालं. झेंडूच्या पाकळ्या वाळवून, कुटून दिल्या. त्या खाल्ल्या, पण रंग यायला वेळ लागतो आणि बाईंना दम नव्हता. मग मला बीट सुचलं. मासे आणि बिटाच्या गोळ्या दवाखान्यात पोचवल्या. काका, बिटाने मासे लाल होत नाहीत, पाणी होतं. बाहेरच्या खोलीत रक्तासारखी टाकी, आणि तिच्यासमोर दाढ काढायला आलेले एक गृहस्थ. ते दाढेसकट पळाले. मासे संध्याकाळी परत आले.

रंग नाही तर निदान वाढ तरी व्हावी म्हणून मोरीजवळ पिंपात माशीच्या अळ्या पाळल्या. मासे त्यांच्यावर तुटून पडले, चांगले गरगरीत झाले. पण झाकणाला फट राहिली, आणि माशांसाठी पाळलेल्या अळ्यांच्या माश्या झाल्या. घरभर. तुमची सून तेव्हा जेवायला बसली होती. तिने ताट सरकवलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "माशांनी काय खाल्लं ते तुम्हाला रोज ठाऊक असतं. मी कालपासून धड जेवले नाहीये, ते आहे का ठाऊक?"

नव्हतं. ती बॅग भरून बहिणीकडे गेली. आता घरात मी, लठ्ठ पांढरे मासे आणि माश्या. दुकान उघडावंसंही वाटत नाही.

तुमचा,
हात टेकलेला पुतण्या

ता. क. तिच्या बहिणीचं घर तुमच्या मागच्याच गल्लीत आहे. तुमचा शब्द ती मोडत नाही. जरा जाऊन या. पिंप टाकून दिलं म्हणून सांगा.

आणखी ता. क. पिंप टाकलेलं नाही. (मासे आता दुसरं काही खातच नाहीत.) गच्चीवर नेऊन जाळी बांधलीय. तेवढंच सांगा.

शेवटचा ता. क. काकूंना बरोबर नेऊ नका, त्या तिचीच बाजू घेतील. नाही, न्याच. कुणीतरी घ्यायलाच हवी होती.