कातडं

३ तारीख
पोचले एकदाची. पहिलीच नोकरी, पण गोठा केवढा! दोन्हीकडे गायी, मधे धुतलेली लख्ख फरशी. राहायला मालकांच्याच घरात माडीवरची खोली. मालकीणबाई म्हणाल्या, जनावरांची डॉक्टरीण एवढीशी असेल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या लेकीने तर मला मावशीच करून टाकलं.

९ तारीख
सकाळी एक गाय मेलेली. काल चांगली चरत होती. पोट टम्म, नाकातून काळसर रक्त, तेही गोठत नव्हतं. काळपुळी. सगळ्यांना मागे सारलं. कापू नका, चुना घालून खोल पुरा, हे जंतू माणसालाही धरतात, असं बजावलं. गोठा बंद ठेवून वर कळवावं लागेल म्हटल्यावर मालकांचा चेहरा उतरला. त्यांच्या धाकट्या भावाने तोंडावर ऐकवलं, ही अवदसाच आली आपल्या घरात.

१० तारीख
गाय पुरलीच नाही. धाकट्याने रात्रीतून सोलली, कातडं खांद्यावर टाकून परसात नेऊन वाळत घातलं. मांस वाटलं गेलं. कुणी माझ्याशी बोलत नाही. खालचा फोन बिघडलाय म्हणतात. मघाशी वाजत होता.

१३ तारीख
धाकट्याच्या मानेवर फोड, मधोमध काळा. दुखत नाही म्हणून हसण्यावारी नेतोय. औषध द्यायला गेले, तर हात झटकला. मीच विष घालते म्हणे. माझी औषधांची पेटी विहिरीत टाकली.

१५ तारीख
त्याची मान सुजून हनुवटीला भिडली. श्वास कोंडला. गेला.
माझ्या दाराला बाहेरून कडी. खाली बायका बोटं मोडताहेत.

१६ तारीख
दार उघडलं, काहीतरी ताठर, जड अंगावर आदळलं. तेच कातडं. मालक म्हणाले, तुझा रोग तुझ्यापाशी ठेव. पुन्हा कडी. खिडकीवर फळ्या ठोकल्या— धुवायला पाणी नाही—

१९ तारीख
गळ्यावर खाज. मग फोड. दाबला. दुखत नाही.

२१—
घास नाही. थुंकीही गिळवत नाही. आवाज गेला.
मालकीणबाई दारावर डोकं आपटताहेत. कडीला कुलूप आहे, किल्ली मालकांकडे. लेकीच्या पापणीवर काळा फोड. तिची मावशी ना तुम्ही, काहीतरी सांगा म्हणतात—
बोलता येत नाही. हेच पान फाडून दाराखालून देते—
बाई, हिला आत्ताच दवाखान्यात न्या. काळपुळी म्हणून सांगा. बरी होते. मालक अडवतील, ऐकू नका. फोड फोडू नका, आणि तुमच्याही हाताला जर—