दोन पी. मेश्राम

१२ ऑक्टोबर २०२०, न्यूनेन, नेदरलँड्स

लष्कराच्या दवाखान्यांतले डॉक्टर आणि माजी सैनिकांच्या केंद्रांतले डॉक्टर — पदव्या, परवाने, बंदी, सगळं आता एकाच सिस्टिममध्ये आणायचं काम आमच्या टीमकडे. कोरोनामुळे डॉक्टर इकडून तिकडे हलवायचेत, म्हणून ही घाई. आडनाव, नावाचं पहिलं अक्षर (इथे तेवढंच लिहितात) आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, असा नियम. मॅनेजर मार्लूसला सांगितलं, आमच्याकडे भारतात शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून लावायचे. माझी तीच, बायकोचीही तीच. मार्लूस हसली. "लोकेश, अख्खा देश एकाच दिवशी जन्मला?" मग विद्यापीठही जुळवायचं ठरलं. मीही म्हटलं, चालेल.

१९ ऑक्टोबर

प्रणिता खूश. ती माजी सैनिकांच्या केंद्रात डॉक्टर. लष्कराकडे मदतीला जायचं तर तेच कागद पुन्हा द्यावे लागायचे. "बायकोसाठी एवढं तरी केलंस," म्हणाली. गालांवर मास्कचे वळ तसेच.

२ नोव्हेंबर

लष्कराच्या एका दवाखान्यातून तिला फोन. "डॉक्टर मेश्राम, शनिवारच्या ड्युटीबद्दल आभार." शनिवारी ती घरी भाकऱ्या थापत होती.

३ नोव्हेंबर

सापडलं. प्रशिक मेश्राम. नागपूर विद्यापीठच, जन्मवर्षही तेच, १ जून. चुकीचे डोस दिले म्हणून लष्कराने त्याच्यावर मागेच बंदी घातली होती. सिस्टिमने तो आणि प्रणिता मेश्राम एक करून टाकले. ताजी नोंद तिची, म्हणून तीच राहिली — त्याच्यावरची बंदी पुसली गेली. तिच्या चांगल्या नावावर हा बाबा इंजेक्शनं देत फिरतोय! मार्लूस म्हणाली, "दोन दिवस फार गडबड आहे. गुरुवारी बघू."

५ नोव्हेंबर

त्या दवाखान्यात एक म्हातारे सैनिक दगावले. कशाने, कोणी धड बोलत नाही. मार्लूसला म्हटलं, आजच्या आज दोघांना वेगळं करा. "करते," म्हणाली. प्रणिता जेवली नाही. मला भीती वाटतेय, आणि ती तिला दाखवायची नाहीये.

६ नोव्हेंबर

नोंदी वेगळ्या झाल्या. पुसलेली बंदी परत आली, पण प्रणिताच्या वाट्याला; तिला घरी बसवलंय. प्रशिकची नोंद कोरी.

तिच्या वॉर्डात आज तिच्या जागी त्यालाच पाठवलंय.